सोप्यावरच्या गप्पा

गप्पा मारणे हे आपल्याकडे फारसे प्रतिष्ठेचे काम समजले जात नाही. व्याख्यानास जाणे, कीर्तन ऐकणे, वाचनालयात बसून वर्तमानपत्रे चाळणे, या गोष्टींत गेलेला वेळ सत्कारणी लागला असे मानतात. परंतु चार मित्र तासभर एकत्र बसले आणि उठताना, नेमके काय बोलणे झाले, हे त्यांच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही, तर तो तास वायफळात जमा होतो. शाळेतील मुलांना ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला की, ओट्यावर बसून गप्पा मारणारा मनुष्य आळशाचे उदाहरण म्हणून त्यात हमखास हजर होतो. त्या बिचाऱ्याची बाजू मांडावयास कोणी उभे राहत नाही. आजच्या भाषणात ती थोडीशी मांडावयाची आहे. आणि तीसाठी साक्ष काढावयाची आहे ती गोव्यातील एका बैठकीची.

गोव्यातील जुन्या ख्रिस्ती घरांच्या दर्शनी भागी, चार-पाच पायऱ्या चढून गेल्यावर, मुख्य दारापुढे वर छप्पर असलेली एक लहानशी मोकळी जागा असते. तिला बाल्कांव म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण वस्तू आता पुरती गोव्याची झालेली. या जागेच्या दोन्ही अंगांना चिरे रचून, वर गिलावा करून केलेली बांधीव आसने असतात. त्या आसनास सोपो असे नाव आहे. बेळगाव-कोल्हापूरकडील श्रोत्यांना सोपा हा शब्द घराच्या बाहेरल्या खोलीसाठी परिचयाचा आहे. गोव्यात तो घराबाहेर येऊन बसला आहे. गमतीची गोष्ट अशी की, गोव्याच्या बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून जी पट्टी घेतात, तिलाही सोपो असेच म्हणतात. बाजारातल्या सोप्यासाठी पैसे मोजावे लागतात. घरापुढला सोपो मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट!

हिंदूंच्या जुन्या घरांचे तोंड आत, तुळशीवृंदावन असलेल्या राजांगणाकडे असे. ख्रिस्ती घराने आपले तोंड रस्त्याकडे वळविले, आणि रस्त्यावरच्या माणसाला घरात न घेता व बाहेरही न ठेवता बसविण्याची ही मधली सोय केली. हे दोन सोपे समोरासमोर असतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. रस्ता पाहावयाचा तर मान वळवावी लागते. समोरच्या माणसाचे तोंड मात्र न पाहून भागत नाही. ज्या कोणा गवंड्याने ही योजना प्रथम केली, त्याने रस्त्यापेक्षा माणसाला अधिक मान दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

या सोप्यांवरची खरी बैठक शनिवारी संध्याकाळी भरते. इतर दिवशीही माणसे बसतात. पण शनिवारच्या बोलण्याला उद्याच्या सुटीची चव असते. गाव बार्देशातील असो वा सासष्टीतील, मंडळी साधारणतः त्याच त्या प्रकारची आढळतात. एक जण आगबोटीवर आयुष्य घालवून परत आलेला तारवटी. जगातली सारी बंदरे पाहिलेली असूनही ज्याला आता गावच्या तळ्यापलीकडे कुतूहल उरलेले नाही. एक टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. एक शिवणकाम करणारी विधवा, जिला वाड्यावरील प्रत्येकाच्या अंगाचे माप आणि त्यामुळे बऱ्याच जणांचे गुपित ठाऊक. आणि पलीकडे देवळाजवळ राहणारे, काखेत मराठी वर्तमानपत्र घेऊन येणारे एक वृद्ध हिंदू मास्तर. बोलण्याचा आरंभ ठरलेला असतो. ‘‘कितें, फाल्यां खंय?’’ म्हणजे, काय, उद्या कुठे? आणि उत्तरही ठरलेले असते. ‘‘खंय ना.’’ कुठेच नाही.

‘खंय ना’ या उत्तरावर विश्वास ठेवणारा मनुष्य गोव्यात नवखा समजावा. पाव तास जातो. मासळीचे भाव निघतात. सकाळी पोदेर पाव घेऊन आला तो उशिरा का आला, त्याच्या सायकलीचा भोंगा बिघडला होता की तोच बिघडला होता, याची चर्चा होते. मग शिवणकाम करणारी बाई गुडघा चोळीत सहज म्हणते की, सोमवारी बांबोळीच्या इस्पितळात बोलावले आहे, पण बसची चढउतार आताशा होत नाही. यावर कोणी काही बोलत नाही. तारवटी पावसाचा विषय काढतो. आणखी थोड्या वेळाने टपाल खात्यातले गृहस्थ, जणू काही पावसाबद्दलच बोलत असल्याप्रमाणे, सांगतात की सोमवारी आपला पुतण्या गाडी घेऊन पणजीस जावयाचाच आहे, आणि गाडीत तो एकटाच आहे. बाई म्हणते, ‘‘किती वाजता निघतो तो?’’ झाले; काम संपले.

या संभाषणात कोणी मदत मागितली नाही आणि कोणी ती देऊही केली नाही. मागणारीला हात पसरावा लागला नाही. देणाराही उपकारकर्त्याच्या पाटावर चढून बसला नाही. हेच काम चिठ्ठी लिहून, किंवा दार ठोठावून, किंवा हल्लीच्या रिवाजाप्रमाणे दूरध्वनी करून करावयाचे म्हटले असते, तर त्या मानी बाईने ते केलेच नसते. ती बसने गेली असती, अथवा गेलीच नसती. रिकाम्या गप्पांचा रिकामेपणा असा उपयोगी पडतो. ज्या गोष्टी हेतू धरून बोलता येत नाहीत, त्या तेथे हेतू नसल्यासारख्या बोलता येतात.

साता वाजण्याच्या सुमारास चर्चची सांजघंटा होते. सोप्यावरची मंडळी आहेत तेथे उठून उभी राहतात. तारवटी टोपी काढतो. तिन्हीसांजेची प्रार्थना ओठांतल्या ओठांत होते. वृद्ध मास्तरही उभे असतात. प्रार्थना संपली की लहानांनी थोरांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागण्याची चाल आहे. मास्तरांच्या वाट्यालाही मुलांचे ते हात जोडणे येते, आणि ते आपल्या पद्धतीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. यात कोणाला काही विशेष केल्यासारखे वाटत नाही. घंटेपूर्वी अर्धे राहिलेले वाक्य घंटेनंतर जेथल्या तेथून पुढे चालू होते. पुढे घरोघरी तेर्सची, म्हणजे जपमाळेची वेळ होईपर्यंत बैठक टिकते.

उद्याचे बेत तरी कसले असतात? एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंताची गडबड असते. पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके मासे, मिरच्या, सोले, चिंच, कांदे घरात भरून ठेवण्याच्या या रिवाजास गोव्यात मोठे महत्त्व आहे. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला तर लोकांनी ‘पुरुमेंताचे फेस्त’ असेच नाव देऊन टाकले आहे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हातचा गेला, तर शनिवारी सोप्यावर बसून कोणी काय आणले, कितीला आणले, आणि कोण फसले, याची चौकशी होते. मे महिन्यात वाड्यावाड्यांवरच्या खुरसापाशी लादीन असते. लादीन म्हणजे स्तुतीची प्रार्थना, तीनंतर उकडलेल्या चण्यांचा वाटप. चणे कोणी भिजवावयाचे, व्हायोलिन वाजविणारा कोठून आणावयाचा, गतवर्षी मीठ जास्त कोणी घातले होते, हे सगळे शनिवारी ठरते. जूनच्या २४ तारखेला सांजांव. विहिरीत उड्या मारणाऱ्या तरुणांच्या आया आधीच्या शनिवारी विहिरीच्या खोलीचा अंदाज घेत असतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेराचा उत्सव. बोंदेरा म्हणजे निशाण. एके काळी वाड्यावाड्यांत हद्दीची भांडणे होत आणि हद्दीवर निशाणे रोवली जात, त्याची ती लुटुपुटीची आठवण. भांडणाचे एवढे चांगले पर्यवसान इतरत्र क्वचितच झाले असेल.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताचा विषय निघाला म्हणजे मास्तर पुढे सरसावतात. ईस्टरनंतर तिसऱ्या आठवड्यातील सोमवारी हे फेस्त होते, आणि हिंदू लोक मोठ्या संख्येने तेथे तेल वाहावयास जातात. शिरगावची लइराई आणि ही सायबीण या सख्ख्या बहिणी, अशी लोकांची श्रद्धा आहे. धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला या नात्याचा उलगडा करता येणार नाही. परंतु त्या सोप्यावर, मास्तर तेलाची बाटली घेऊन कितीच्या बसने जाणार आणि त्यांच्यासोबत कोण जाणार, एवढाच प्रश्न असतो. उलट, देवळाच्या जत्रेला गावच्या मंडळींचे मराठी नाटक असले की, तारवटी आपली घडीची खुर्ची आदल्या दिवशीच मास्तरांकडे पोहोचवून ठेवतो.

आता या सुटीच्या दिवसाकडेही थोडे पाहिले पाहिजे. ख्रिस्ती माणसाला रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून मिळाला. शतकानुशतके मिसेच्या घंटेने तो उजाडत आला. परंतु आपल्या देशातील कामगाराला रविवार आकाशातून मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत सुटीचा असा नेमाचा दिवस नव्हता. सण येतील त्याप्रमाणे खाडे. आणि रविवारीसुद्धा यंत्रे पुसण्यासाठी बोलावणे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी प्रथम मांडली. मालकांनी दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मान्य झाली. पुढे १९८५ साली केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना आणि २०२० साली महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, आणि शनिवारही त्या मिळकतीत आला. ‘उद्या कुठे?’ हा प्रश्न ज्याला विचारता येतो, त्याच्या मागे अशी सहा वर्षांची झुंज आहे. सहा दिवस राबणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी निजावेसे वाटेल, हे मालकांना समजत होते. त्याला चार माणसांत बसून बोलावेसेही वाटेल, हे मात्र त्यांच्या हिशेबात कधी आले नसावे.

त्याच मुंबईत गोवेकरांनी आपला सोपो दुसऱ्या रूपाने नेला होता. बोटीवर चाकरी शोधणारे, स्वयंपाकी, वाजंत्री, शिंपी असे हजारो गोवेकर तेथे येत. एकेका गावाने आपल्या माणसांसाठी एकेक ‘कूड’, म्हणजे वसतिगृहासारखी खोली, उघडली. धोबीतलावच्या जेर महालात आणि माझगावच्या आसपास अशा कुडी होत्या. काही आजही आहेत. भाडे नाममात्र, भिंतीशी प्रत्येकाची ट्रंक, निजावयास ट्रंकेपुढची जमीन, आणि एका भिंतीला गावच्या संताची वेदी. रात्री सर्वांनी मिळून तेर्स म्हणावयाचा, असा नियम असे. बोटीवरून उतरलेला मनुष्य जपानहून आला काय आणि आफ्रिकेहून आला काय, त्याला कुडीत प्रथम ऐकू येई ते गावचे वर्तमान: कोणाची गाय व्याली, कोणाचे लग्न मोडले, कोणते भाताचे शेत बांध फुटून खारे झाले. गावापासून कित्येक वर्षे दूर असलेल्या माणसाचे नाव गावच्या बोलण्यातून गळून पडू नये, याची व्यवस्था त्या ट्रंकांच्या रांगेत होती.

गप्पा या निरुपद्रवी असतात अशी समजूत करून घेण्याचेही कारण नाही. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळात गोव्यात छापील अक्षराला नियंत्रकाचा शिक्का लागे; लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसत. सभा भरविण्याची बंदी होती. अशा वेळी बाल्कांव हेच वर्तमानपत्र, आणि तेथील हळू आवाज हीच त्याची लहान टाइपातली छपाई. १० जून १९४६ रोजी डॉक्टर राममनोहर लोहिया असोळणे या गावी आपले मित्र डॉक्टर ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी येऊन उतरले. दोघांची ओळख बर्लिनमधील विद्यार्थिदशेतली. लोहिया नुकतेच तुरुंगातून सुटले होते, प्रकृती ढासळली होती, आणि ते आले होते ते विश्रांतीसाठी. जुन्या मित्राकडे चार दिवस राहावे, समुद्राची हवा घ्यावी, बोलावे, यापलीकडे बेत नव्हता. परंतु पाहुण्याचे नाव कळताच माणसे भेटावयास येऊ लागली. पावसाळ्याचे दिवस, घरात बसून बोलण्याशिवाय दुसरे करावयाचे काय? येणारा प्रत्येक जण आपापली हकीकत सांगे. आणि त्या हकीकतींतून एकच गोष्ट पुनःपुन्हा निघे, की येथे तोंड उघडावयास परवानगी लागते.

विश्रांतीचा बेत तेथे मोडला आणि दुसराच ठरला. १८ जूनला भर पावसात लोहिया व मिनेझिस मडगावला गेले. प्रशासकाने पिस्तूल रोखले तेव्हा लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला, आणि ते बोलावयास उभे राहिले. दोघांनाही तत्काळ पकडण्यात आले व पुढे लोहियांना गोव्याच्या हद्दीबाहेर धाडण्यात आले. पण जमलेल्या लोकांनी भररस्त्यात मोठ्याने बोलून पाहिले होते, आणि ती चव पुढे गेली नाही. गोवा स्वतंत्र व्हावयास १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. मात्र १८ जून हाच दिवस गोव्यात क्रांतिदिन म्हणून पाळतात, आणि मडगावचे ते मैदान लोहियांच्या नावाने ओळखले जाते. मित्राच्या घरी आठ दिवस झालेल्या बोलण्याची ही निष्पत्ती होय. सत्ताधाऱ्यांना सभेची भीती वाटत होती. त्यांनी बैठकीचीही धरावयास हवी होती.

सोप्याची एवढी थोरवी गाइली, तरी त्याचे पाप झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही. त्या आसनावर सर्वांना बसता येत नव्हते. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा मुंडकार भाटकाराच्या बाल्कांवावर चढत नसे. तो पायऱ्यांखाली उभा राहून, टोपी हातात धरून बोले. पायऱ्या चार-पाचच असत, पण त्यांना पिढ्या लागल्या. १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावून लावण्यास मनाई करणारा कायदा झाला, आणि आपली जागा कोणी हिरावून घेणार नाही, एवढे आश्वासन ज्याला मिळाले, त्याने आपल्या घरापुढे हळूहळू आपला सोपो बांधला. देशावरील ओट्यांची कथा याहून निराळी नाही. कोणत्या जातीच्या माणसाने ओट्यावर बसावयाचे आणि कोणी अंगणातूनच बोलावयाचे, याचे नियम तेथेही होते, आणि ते चर्चच्या बाकांवरही पुष्कळ काळ पाळले गेले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

दुसरे पाप जिभेचे. जेथे वाड्यावरील प्रत्येकाची विचारपूस होते, तेथे प्रत्येकाची चौकशीही होते. कोणाची मुलगी उशिरा परतली, कोणाच्या घरी पत्र आले आणि ते वाचून कोण रडले, याच्या निवाड्यात आरोपीला बोलावण्याची पद्धत नसे. एखाद्या मुलीचे ठरत आलेले लग्न सोप्यावरील एका वाक्याने मोडले, असे प्रत्येक गावात एक तरी उदाहरण सापडेल. यावर कायदा नाही, उपायही थोडा. मास्तरांसारखा एखादा मनुष्य वर्तमानपत्र मोठ्याने उलगडून विषय बदलतो, तेव्हा तो मोठेच सत्कृत्य करीत असतो.

असे ओटे आपल्या सगळ्याच गावांत होते. इंदूरच्या जुन्या वस्तीत त्यास ओटला म्हणतात. तेथे बसून उद्या सकाळच्या पोह्यांचा आणि रात्री सराफ्यात जावयाचा बेत ठरतो, आणि रंगपंचमी जवळ आली की राजवाड्यापुढून निघणाऱ्या गेरीखेरीज दुसरा विषय नसतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात थंडीत ही बैठक शेकोटीभोवती जाते. बडोद्यास दांडिया बाजाराच्या आसपास, हैदराबादेस सुलतान बाजारापासून जवळच्या एखाद्या इराणी हॉटेलात, बेळगावास एखाद्या खुटावर. शनिवार खूट हे नावच तेथे आहे. बोलण्यासाठी वाराचाही पत्ता मिळालेले असे ठिकाण दुसरीकडे क्वचितच असेल.

या गावांत गप्पांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मराठी शिकविणाऱ्यांनी तरी विसरू नये. बडोद्याचा मुलगा गुजराती व इंग्रजी शिकतो; बेळगावचा कानडी; हैदराबादचा तेलुगू व हिंदी. हे चांगलेच आहे. त्याच्यासाठी मराठीची व्यवस्था म्हणून वाचनालये आहेत. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय तर १८४८ पासूनचे. साहित्य संमेलनेही होतात, बडोद्यास २०१८ साली झाले. परंतु व्यासपीठावरून ऐकलेली मराठी ही पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या भांड्यांसारखी असते. तिच्यात रोजचे जेवण शिजत नाही. ‘उद्या येतोस का?’, ‘बघू, आई काय म्हणते ते’, ‘त्यांच्याकडे अजून पाणी आले नाही’, ही वाक्ये ज्या भाषेत बोलली जातात, ती मुलाची भाषा होते. आणि ही वाक्ये पाठ्यपुस्तकात नसतात, ती ओट्यावरच असतात. गोव्याच्या त्या सोप्यावर बोलणे कोकणीत चालते, मास्तर वर्तमानपत्रातली बातमी मराठीत वाचतात आणि तिच्यावरचा अभिप्राय पुन्हा कोकणीत होतो. कोणत्या भाषेचा हक्क मोठा, याचा वाद पणजीत कितीही रंगो, सोप्यावर त्याचा निकाल कोणी मागत नाही.

आता ही बैठक उठत चालली आहे. गोव्यातील किती तरी बाल्कांवांना लोखंडी जाळ्या लागल्या. जाळीआड सोपो असतो, पण त्यावर पुठ्ठ्याची खोकी किंवा कुंड्या असतात. घराचे मालक परदेशी. वर्षातून एकदा नाताळात येऊन दार उघडतात. रस्ते रुंद झाले तेथे पायऱ्या गेल्या, आणि उरलेल्या सोप्यावर बसावे तर वाहनांच्या आवाजात समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. याचा दोष कोणा एकाला देता येत नाही. चोराच्या भीतीने जाळी बसविणारी एकटी म्हातारी काय चुकली?

तरुण मंडळी बोलत नाहीत असे मात्र म्हणू नये. त्यांच्या गप्पा हातातल्या यंत्रावर चालतात, आणि लिस्बनमधला पुतण्या व कुवेतमधली भाची यांना एकाच वेळी ‘उद्या कुठे?’ विचारता येते, ही कुडीच्या काळातील माणसाला चमत्कार वाटावी अशी सोय आहे. उणे एवढेच, की तेथे जो बोलतो तोच असतो. जो बोलत नाही, तो आजारी आहे, रुसला आहे, की नुसता झोपला आहे, हे कळत नाही. सोप्यावर रिकामी जागा दिसते. शिवणकाम करणारी बाई दोन शनिवार आली नाही, तर तिसऱ्याची वाट न पाहता कोणी तरी तिच्या दाराशी जातो. २२ मार्च २०२० च्या रविवारी सारा देश घरात बसला आणि पुढे कित्येक आठवडे बसूनच राहिला. त्या दिवसांत ज्यांच्या घराला बाल्कांव किंवा ओटा होता, त्यांना निदान रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारून, औषध संपले का, एवढे विचारता येत होते. बंद सदनिकांतील म्हाताऱ्यांना तेही नव्हते.

नवीन इमारतींत ओटा बांधण्याची पद्धत नाही. वाहनांसाठी जागा आखलेली असते, बसणाऱ्यांसाठी नसते. तरी माणसे जागा शोधतात. पाण्याच्या टाकीचा कठडा, पंपाच्या खोलीची पायरी, रखवालदाराची खुर्ची आणि तिच्या शेजारी घरून आणलेल्या दोन खुर्च्या. काही ठिकाणी व्यवस्थापक मंडळाने ‘येथे बसू नये’ अशी पाटी लावली आहे. काही ठिकाणी मात्र फाटकाच्या आत, झाडाखाली, सिमेंटची दोन बाके ठेवली आहेत, आणि ती कोणी तरी शहाणपणाने समोरासमोर ठेवली आहेत. शनिवारी सहाच्या सुमारास तेथे प्रथम एखादी आजीबाई येऊन बसते. नंतर भाजीची पिशवी घेऊन वर निघालेली एखादी शेजारीण क्षणभर टेकते, पिशवी खाली ठेवते, आणि उद्या काय बेत आहे म्हणून विचारते.